तळघराची भिंत पाझरतेय की घामेजलीय?

सांगलीत जुलैच्या झडीत तळघराची भिंत ओली दिसली की पहिला फोन वॉटरप्रूफिंगवाल्याला जातो. तो केमिकलचा कोट सुचवतो, चौरस फुटाचा दर सांगतो. पण ही ओल दोन वाटांनी येते. बाहेरच्या मातीतलं पाणी भिंतीतून आत आलं तर तो पाझर. आणि दमट हवा तळघराच्या गार भिंतीला लागून तिच्यातल्या वाफेचं पाणी झालं, तर तो भिंतीचा घाम. घामावर कोट मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

ओळखायला हातभर जाड प्लास्टिक पुरतं. भिंतीचा तेवढा भाग पुसून पंख्याने वाळवा, प्लास्टिक लावून चारही कडा टेपने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडून थेंब धरले असतील तर घाम. सोडवल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाझर. दोन्हीकडे ओल असेल तर आधी पाझराचं बघा. पांढरा लोणा फुटला असेल तरी संशय पाझराचाच, कारण भिंतीतून येणारं पाणी क्षार घेऊन येतं. ऐन मे महिन्यातही एकच कोपरा ओला राहत असेल, तर पलीकडची पाण्याची टाकी नाहीतर ड्रेनेजची लाइन तपासा.

घामाला फारसा खर्च नाही. कपडे खाली वाळत घालू नका, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि ‘हवा खेळू दे’ म्हणून भर पावसात खिडक्या उघडू नका, त्याने घाम वाढतो. कोरडी उघडीप मिळाली की उघडा.

पाझराचं काम बाहेरून सुरू करायचं. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पायालगत फट पडते आणि पहिलं पाणी तिथूनच खाली उतरतं. त्यात गच्चीचा पाइप जोत्याशीच सोडलेला असतो, वर भिंतीला चिकटून हौसेची बाग! पाइप पाच-सहा फूट लांब न्या. भिंतीलगत मुरूम कुटून फुटाला अर्धा इंच तरी बाहेरच्या बाजूला उतार द्या. मग दोन-चार मोठ्या सरी जाऊ द्या. माझ्या मते त्याआधी आतल्या भिंतीवर रुपयाही घालू नये. तरीही एखादी भेग ठिबकलीच, तर छिन्नीने खोदून झटपट आवळणारं वॉटरप्रूफ सिमेंट भरा. नुसता वॉटरप्रूफ रंग मागच्या पाण्याच्या दाबाने फुगतो आणि पोपडे धरतो.

नदीकाठच्या गावभागात मात्र पाझराचं तिसरंच रूप दिसतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नदी अशी चढली की भूजलही चढतं आणि फरशी-भिंतीच्या सांध्यातून पाणी वर येतं. तिथे कोट, सिमेंट काही टिकत नाही. पूर ओसरल्यावर पंप लावून तळघर एका दमात उपसायची घाई असते, ती धोक्याची. बाहेरच्या ओल्या मातीचा दाब तसाच असतो. आतलं पाणी एकदम गेलं तर भिंत आत ढासळू शकते, फरशी उचलली जाऊ शकते. फूटभर पाणी काढा, भिंतीवर खूण करा, रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी खुणेच्या वर दिसलं तर पंप बंदच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.