मेंदू मध्यमा, टाच प्रारंभिक

सांगली-मिरजेत लहानपणी कथक शिकलेल्या बाईला "तुझं किती झालंय?" असं विचारलं की उत्तर वर्षांत येत नाही, परीक्षेत येतं. "मध्यमा पूर्ण झाली, मग बारावी आली." "विशारदचा फॉर्म भरला होता, तेवढ्यात लग्न ठरलं." गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत-नृत्याच्या परीक्षांचा कारभार मिरजेतून चालतो. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर स्वतः गाणं शिकले तेही मिरजेतच, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्यामुळे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी इकडच्या घराघरांत पाठ आहे. वीस-बावीस वर्षांनी, मुलं जरा मोठी झाली की या बायका सांगलीच्या विश्रामबागेतल्या नाहीतर मिरजेतल्या एखाद्या क्लासच्या 'लेडीज बॅच'ला परत येतात, आणि शिकवणाऱ्या ताईंचा पहिला प्रश्न तोच असतो: किती झालंय?

शरीराला हाच प्रश्न विचारला तर एक उत्तर मिळत नाही. मेंदू म्हणतो मध्यमा. हृदय आणि फुप्फुसं प्रवेशिकेपर्यंत घसरलेली. टाचेमागचा टेंडन, तळपाय आणि नडगीचं हाड प्रारंभिकच्या वर्गात, तेही मागच्या रांगेत. चाळिशीत परत नाचायला लागलेल्यांची बरीचशी दुखणी या तफावतीतून येतात. गंमत अशी की येताना भीती असते ती नेमकी उलटी: "मला काही आठवणार नाही गं."

आठवतं. ताई हातावर ठेका धरतात, 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' सुरू होतं, पहिली दोन-तीन मिनिटं पाय अडखळतात आणि मग आपोआप सोळा मात्रांत बसतात. हा आठवणीचा वेगळाच कप्पा आहे, हे एका अमेरिकी रुग्णामुळे ठळकपणे समोर आलं. हेन्री मोलाइसन. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला, आणि त्याच्या नव्या आठवणी तयार होणंच थांबलं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला. हे काम आपण कधी केलंय हे मात्र त्याला एकदाही आठवलं नाही. प्रसंग, नावं, तारखा एका वाटेने साठतात. हातापायांचं कसब दुसऱ्या वाटेने, त्यात लहान मेंदू आणि मेंदूच्या आतला बेसल गँग्लिया हा भाग यांचा मोठा वाटा असतो. म्हणून परीक्षेला कोणता ताल पडला होता ते आठवत नाही, पण पायाला तत्कार, म्हणजे पावलांनी लयीत वाजवायचे बोल, येतो.

सगळं कसब सारखं टिकत नाही, हेही सांगायला हवं. फ्लेशमन आणि पार्कर या संशोधकांनी 1962 साली विमानाच्या दांड्या-पेडलसारखं यंत्र चालवायला काही जणांना शिकवलं. दोन वर्षं हात न लावताही त्यांचं कसब फारसं कमी झालं नव्हतं. अखंड, लयीत चालणारी हालचाल अशी चिवट असते. सायकल, पोहणं, तत्कार हे त्यातले. उलट ज्यात 'आधी हे, मग ते, मग ते' असा क्रम असतो ते लवकर गळतं. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण काही महिन्यांतच विस्कटतं, ते यामुळेच. तोडा किंवा परण, म्हणजे बोलांची बांधलेली छोटी रचना, हा असा क्रम आहे. सुरुवात येते, शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा तुकडा, येते आणि मधला भाग साफ पुसलेला असतो.

पण पुसलेलंही पूर्ण पुसलेलं नसतं. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउसने 1885 साली दाखवलं की 'विसरलो' म्हणून सोडून दिलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. त्याने पाठ केलेली अक्षरं मुद्दाम निरर्थक होती. आपले 'तिग्दा दिग दिग थेई' त्याच्या यादीत सहज खपले असते. फरक इतकाच की बोल तालात बांधलेले असतात आणि ताल ही स्वतःच एक खूण असते. म्हणून तोडा आठवत नसेल तर आधी पाय न हलवता, हातावर ताल देत पढंत करावी, म्हणजे बोल तोंडाने म्हणावेत. जुने गुरू आधी पढंत पक्की करून घ्यायचे. त्यामागचं कारण त्यांनी एबिंगहाउसला विचारलं नव्हतं.

दमसासाचं गणित सरळ आहे. तिशीनंतर बैठ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण 10 टक्क्यांनी उतरते. हृदयाचे कमाल ठोके काढायचं एक ढोबळ सूत्र आहे: 208 वजा वयाच्या 0.7 पट. विसाव्या वर्षी 194, बेचाळिसाव्या वर्षी 179. म्हणजे तीच चौगुन, चौपट लयीतला नाच, आता कमालीच्या जास्त जवळ नाचली जाते. त्यात घुंगरू. पायाच्या टोकाला बांधलेलं वजन प्रत्येक पावलागणिक उचलायचं, थांबवायचं, पुन्हा उचलायचं. पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा ते कितीतरी जास्त दमवतं. पहिले काही आठवडे घुंगरू पिशवीतच राहू द्यावेत असं माझं मत आहे. हे ऐकून हिरमोड होतो, कारण बऱ्याच जणी घुंगरांसाठीच परत आलेल्या असतात. दमसास मात्र लवकर सुधारतो, चार-सहा आठवड्यांत फरक कळतो. स्नायूही फार रुसत नाहीत. पहिल्या दोन दिवसांनी जिना उतरताना मांड्या बोंबलतात, त्याचा दोष अजूनही लॅक्टिक ॲसिडला दिला जातो. ते तर नाच थांबल्यावर तासाभरात निवळलेलं असतं. ही दुखणी स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या सूक्ष्म इजेची आणि त्यांच्या दुरुस्तीची, आणि ती आपण होऊन जातात.

खरा प्रश्न टेंडनचा. स्नायूला हाडाशी बांधणारा हा कोलॅजेनचा चिवट पट्टा. त्याला रक्तपुरवठा थोडा, म्हणून सगळंच सावकाश. 2013 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याचं वय काढायला चलाख युक्ती वापरली. 1955 ते 1963 या काळात अणुबॉम्बच्या खुल्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-14 खूप वाढला आणि चाचण्या थांबल्यावर वर्षागणिक उतरत गेला. तो पिकांतून, अन्नातून त्या काळच्या माणसांच्या अंगात गेला. त्यामुळे शरीराच्या एखाद्या तुकड्यात तो किती आहे हे मोजलं की तो तुकडा कधी घडला याचा अंदाज येतो. ॲकिलिस टेंडनच्या, म्हणजे टाचेमागच्या जाड दोरीच्या, गाभ्यात सापडला तो माणूस साधारण सतरा वर्षांचा होईपर्यंतचा कार्बन. त्यानंतर गाभा जवळपास तोच. त्याच माणसांच्या स्नायूंमध्ये मात्र नवी भर सतत पडत होती.

याचा अर्थ बेचाळिशीत क्लासला आलेल्या बाईच्या टाचेमागचा गाभा तिच्या दहावी-अकरावीतला आहे. मध्यमाची परीक्षा दिली तोच. हे वाचून हरखून जाऊ नये. तो गाभा बदलला नाही, पण त्याच्या धाग्यांमध्ये वयानुसार साखरेचे बंध साचतात आणि तो कमी लवचीक होतो. टेंडन भाराला प्रतिसाद देतो, ताठ आणि मजबूत होतो, पण महिन्यांच्या हिशेबात. स्नायूंची ताकद तर पहिल्या काही आठवड्यांतच वाढलेली दिसते, कारण ती बरीचशी मज्जातंतूंची करामत असते.

आता ही दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा. तिसऱ्या आठवड्यात पाय सगळं आठवू लागतात, सहाव्यात दम टिकतो, ताई खूश होतात आणि "गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला एक तीनताल बसवूया का?" असा विषय निघतो. टेंडन आणि हाड अजून पहिल्या पानावरच असतात. लय साठ मात्रांची धरली तर बराबरीत, म्हणजे मात्रेला एक पाऊल टाकत, मिनिटाला 60 आघात, चौगुनीत 240. दहा मिनिटांत 600 की 2400, एवढा फरक. डोक्याला वाटतं आपण तेच नाचतोय, फक्त जरा जलद. तळपायाला चौपट मार पडलेला असतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवताना टाचेत कळ येते ती याच काळात. ती तळपायाच्या पट्ट्याची तक्रार असते आणि भार कमी केला तर बहुतेकदा ऐकते. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर मात्र नाच थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. तिथे हाडाला बारीक चीर असू शकते. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी नाचून आल्यावर तळपाय रोज बघावेत. संवेदना कमी झाली असेल तर फोड आलेलाही कळत नाही.

रियाज किती करावा यापेक्षा कसा वाटून करावा याचं उत्तर विज्ञानाकडे बरं आहे. अलेक्झांडर रॉब्लिंग आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या हाडांवर दिवसाला 360 वेळा भार दिला. एकदम 360 पेक्षा नव्वद-नव्वदचे चार हप्ते दिले तेव्हा हाड जास्त मजबूत झालं. हाडातल्या पेशी थोड्या आघातांनंतर बधिर होतात, त्यांना पुन्हा जागं व्हायला काही तास लागतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, हाडाला हाड जोडणाऱ्या अस्थिबंधांवर 2012 साली कीथ बार यांच्या गटाने जवळपास असंच पाहिलं: साधारण दहा मिनिटांच्या ताणानंतर पेशी आणखी प्रतिसाद देईनाशा होतात आणि सहा तास विश्रांती दिली की पुन्हा देऊ लागतात. उंदीर आणि काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे सांगलीतली बाई नव्हे, हे मान्य. तरीही रविवारी सलग दोन तास तत्कार झोडण्यापेक्षा रोज सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं हा हिशेब पटण्यासारखा आहे. स्वयंपाक आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला परवडतोही तोच.

फरशीचं थोडक्यात सांगतो. नाट्यगृहाचा लाकडी रंगमंच किंचित दबतो. फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सखाली सिमेंटचा स्लॅब असतो, तो अजिबात दबत नाही. सगळा धक्का पायालाच परत मिळतो. तत्काराला पातळ रबरी मॅट चालते. चक्कर मात्र मॅटवर मारू नये: पाऊल चिकटून राहतं आणि अंग फिरतं, पिळ बसतो गुडघ्याला.

नाचाने स्मृतिभ्रंश 76 टक्के टळतो, असा एक मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतो. त्याचं मूळ खरं आहे. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात 75 वर्षांवरच्या 469 जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं आणि 2003 साली निष्कर्ष आले. शारीरिक उद्योगांपैकी एकट्या नाचाचा संबंध कमी स्मृतिभ्रंशाशी दिसला. पण त्याच तक्त्यात लिहिलं होतं की घट 94 टक्के ते जेमतेम 1 टक्का यांमध्ये कुठेही असू शकते. शिवाय ज्यांची स्मृती आधीच डळमळायला लागली होती त्यांनीच नाच सोडला असेल, हीही शक्यता उरते. ग्रुपवर हा भाग कुणी पाठवत नाही.

राहिल्या चकरा. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो. आपण फिरतो तेव्हा तो मागे राहतो आणि थांबल्यावर काही क्षण पुढे जात राहतो, म्हणून थांबल्यावरही खोली फिरते. एकाच बिंदूवर नजर रोवून मान शेवटच्या क्षणी झटक्यात फिरवायची, हा कथकमधला धडा याचसाठी आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने 2013 साली 29 बॅले नर्तकींची तुलना 20 नौकापटूंशी केली. फिरवून थांबवल्यावर नर्तकींना गरगर कमी वेळ जाणवली. कानाकडून येणाऱ्या बातमीला किती महत्त्व द्यायचं हे त्यांच्या मेंदूने सरावाने ठरवलं होतं. हा करार सरावावर टिकतो. परत आलेल्यांनी सुरुवातीला तीन चकरा माराव्यात, थांबावं, खोली स्थिर होऊ द्यावी, मग पुढच्या तीन.

पन्नाशीच्या आसपास एक वेगळी गरगर भेटू शकते. अंथरुणात कुशीवर वळताना किंवा वर फडताळाकडे बघताना घर गर्रकन फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून त्या नळीत शिरल्याने असं होतं, आणि बायकांमध्ये ते जास्त दिसतं. चकरा वाढवून ही सवय होत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठराविक कोनांतून वळवून ते कण जागेवर नेतात. बहुतेकदा काही मिनिटांचं काम असतं आणि गोळीही लागत नाही. त्यानंतर थोडे दिवस क्लासला जावं, पण चकरांच्या वेळी बाजूला बसून हातावर ताल द्यावा.