पांघरायची गोधडी, मांडायची गोधडी

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका सभागृहात बायकांसाठी गोधडीची स्पर्धा होती. नियमांच्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'कापड नवीन असावे.' माझ्या आत्याने ती ओळ दोनदा वाचली आणि पिशवीतली वाकळ बाहेर काढलीच नाही. आजीच्या दोन इरकली लुगड्यांची वाकळ होती ती, आत आजोबांच्या मिलच्या कापडाचे तुकडे. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा हेतू काही वाईट नव्हता. जुनेर टेबलावर मांडलं की बरं दिसत नाही, वास येतो, असं त्यांचं म्हणणं. पण जुनं कापड वगळलं की गोधडीत उरतं काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्या माणसासाठी शिवलेली गोधडी आणि परीक्षकांसाठी शिवलेली गोधडी यांची फारकत कुठे आणि कशी झाली, हे मुंबईतूनच नीट समजतं, कारण ती फारकत बरीचशी कापडामुळे झाली आणि कापडाची गिरणी या शहरात होती.

गोधडीचं मूळ टंचाईत आहे. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला 'कंथा' म्हणतात. बंगालची कांथा त्याच शब्दातून आली. आपल्याकडे घाटावर वाकळ, कोकणात गोधडी, तान्ह्या बाळाचं ते दुपटं. जनाबाईची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. विठ्ठल रात्री तिच्याकडे आला, पहाटे काकड्याची घाई झाली, आणि देव आपला शेला व पदक तिथेच विसरून जनीची वाकळ पांघरून राउळात गेला. त्या पदकापायी जनीवर चोरीचा आळ आला, सुळापर्यंत गोष्ट गेली. ही कथा मी लहानपणी चमत्कार म्हणून ऐकली. आता वाटतं, ज्यांनी ती रचली त्यांना वाकळ चांगली माहीत होती. अंधारात, अर्धवट झोपेत हात शेल्याकडे जात नाही, मऊ असेल तिकडे जातो. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत ते अंगावरच्या चिंध्यांवरून. थोडक्यात, गोधडी ही मिरवायची वस्तू कधीच नव्हती.

आणि तरीही ती ओबडधोबड नव्हती. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्याचे चार भाग केले आणि दोन-दोन भाग रुंदीला जोडले, की एकाच लुगड्यातून गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात. मध्ये धोतरं, सदरे, फाटकी चादर, जे असेल ते. जमिनीवर सगळं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असं वजन ठेवायचं, मोठे टाके घालून थर बसवून घ्यायचे आणि मग कडेने धावदोरा सुरू. एक फेरी पूर्ण झाली की तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मधोमध पोहोचायचं. कापड जुनंच लागतं, कारण शंभरदा धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, सुई सहज शिरते आणि अंगाला बोचत नाही. धावदोऱ्याने कापडाला जी बारीक लाट येते तिच्यात हवा धरून राहते, म्हणून ऊब. नव्या कापडाला हा मऊपणा यायला वर्षं लागतात.

म्हणून बाळंतविड्यातही दुपटी जुन्या सुती कापडाची. टोपडी, झबली, कुंची नवी शिवतील; पण बाळाच्या अंगाखाली आजीचं लुगडं हवं. यात माया आहेच, पण व्यवहारही आहे. तान्ह्याची कातडी नव्या कापडाने लाल होते.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. कोकणातून आगबोटीने, साताऱ्या-कोल्हापुराकडून गाडीने माणसं आली, आणि जवळजवळ प्रत्येकाबरोबर एक वळकटी आली. वळकटीत गोधडी किंवा वाकळ, ती आईने नाहीतर बायकोने शिवलेली. एका गाळ्यात वीस-तीस गडी राहत. पहिल्या पाळीचा कामावर गेला की रात पाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जागा सामाईक असली तरी वळकटी ज्याची त्याची. मुंबईच्या हवेत पांघरायला फारसं काही लागत नाही, म्हणून इथली गोधडी अंथरायचीच जास्त. चाळीच्या गॅलरीत, गच्चीवर, पावसाळ्यात ओल आलेल्या फरशीवर. तिच्या एका बाजूला फरशी आणि दुसऱ्या बाजूला गावाकडच्या कुणाचं तरी लुगडं असायचं.

याच शहरात दूरदूर जाणारं कापड विणलं जात होतं. मिलच्या दुकानात डागी, तुटक्या मापाचं कापड स्वस्तात मिळे. त्याला फेंट म्हणत. कुटुंबं मुंबईत येऊन चाळीत स्थिरावली तसे ते फेंट गोधडीत शिरले. आत्याच्या वाकळीत निळ्या पट्ट्यांचा एक तुकडा आहे, त्यावर कडेला मिलचा अर्धा शिक्का अजून दिसतो. त्या तुकड्याने पहिल्यांदा गोधडीत 'निवड' आणली. जे उरलं ते लावायचं, याऐवजी निळ्याशेजारी पिवळं लावायचं की लाल, असा विचार करायला बायकांना कापड मिळालं. दुपारी गॅलरीत वाकळ पसरली की शेजारच्या दोघी टाके बघायला येणार. "तांदळाएवढा टाका आहे गं," हे मोठं कौतुक. "जरा मोठा पडलाय," हा शेराही तिथेच. मायेच्या गोधडीत चढाओढ नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, पण परीक्षण करणारीला कोण या गोधडीवर निजणार आहे ते माहीत असे.

बक्षिसाची कल्पना वेगळ्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकात प्रदर्शनांचं युग सुरू झालं होतं; कारागिरी टेबलावर मांडायची, परीक्षकांनी पाहायची, पदकं द्यायची. भायखळ्याचं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेही कलाकुसर आणि उद्योग दाखवण्याच्या त्याच विचारातून. डिसेंबर १९०४ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून औद्योगिक प्रदर्शन होतं, आणि त्याच दिवसांत भारत महिला परिषद भरली; अध्यक्षस्थानी रमाबाई रानडे होत्या. १९०८ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी गावदेवीत सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था काढली. शिवणकाम शिकणं म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहणं, हा विचार अशा संस्थांनी रुजवला, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण वर्गात शिकवायचं ते भरतकाम, क्रोशा, मशीनवरचं बेतणं-शिवणं. गोधडी शिकवायची कशाला, ती तर घरोघरी येतच होती. रुखवताचं तसंच झालं. मराठी लग्नातली खरी हस्तकला स्पर्धा म्हणजे रुखवत, वरपक्षाच्या बायका वस्तू उलटून पाहतात तेव्हा दुसरं काय चालू असतं? तिथे मण्यांची तोरणं, विणलेले रुमाल, भरलेल्या उशा मांडत. गोधडी बहुधा गाठोड्यातून मागच्या दाराने जाई.

गोधडीसारख्या वस्तूची स्पर्धा जिथे खऱ्या अर्थाने वाढली तो देश अमेरिका. तिथल्या जत्रांमध्ये लोणची-मुरंब्यांच्या शेजारी क्विल्ट मांडून बक्षिसं देण्याची पद्धत फार जुनी. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स कंपनीने देशव्यापी स्पर्धा लावली. पहिलं बक्षीस १,००० डॉलर; त्या काळी कित्येक घरांची वर्षभराची कमाई इतकी नव्हती. सुमारे २४,००० क्विल्ट आले. पहिलं बक्षीस केंटकीच्या एका बाईंना मिळालं, तो क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेला. पुढे अनेक वर्षांनी उघड झालं की त्या बाईंनी त्यात एकही टाका घातला नव्हता. शिवणाऱ्या बायका मजुरीवरच्या होत्या. कामाची गरज होती, त्या गप्प राहिल्या. ही हकिगत वाचली तेव्हा मला गिरणगाव आठवलं. स्पर्धा शिवणारीला नाव देते, हा स्पर्धेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि एवढ्या मोठ्या स्पर्धेत नेमकं तेच झालं नाही.

तरी आजच्या स्पर्धा त्यापासून बरंच शिकल्या आहेत. शिवणारीचं नाव झाकून परीक्षण होतं. टाके सारखे आहेत का, जोडांची टोकं जुळतात का, कोपरे काटकोनात आहेत का, कडपट्टी आतून भरलेली आहे का, पेन्सिलीची खूण राहिली आहे का, हे एकेक तपासतात. या शिस्तीने हात सुधारतो, यात शंका नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले आणि लोक त्यांच्याकडे कला म्हणून पाहू लागले. तिथून पांघरूण उभं झालं, ते दुरून बघायचं झालं.

याउलट अलाबामातल्या जीज बेंड या खेड्याची गोष्ट. १९४२ मध्ये मिझुरी पेटवे या कृष्णवर्णीय शेतकरी बाईने नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचा क्विल्ट शिवला. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून. विटलेल्या विजारी, गुडघ्यावरचे फिकट डाग तसेच ठेवले. कुठल्याही नियमावलीत तो बाद ठरला असता. २००२ पासून जीज बेंडचे क्विल्ट मोठमोठ्या संग्रहालयांत फिरले, आणि त्यांत असे कामाच्या कपड्यांचे क्विल्टही होते. एड्सने गेलेल्यांच्या आप्तांनी शिवलेला क्विल्ट १९८७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मैदानावर पसरला, तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते, प्रत्येक तीन बाय सहा फुटांचा. लाखोंनी पाहिला. नंबर कुणी काढला नाही.

मुंबईत मधल्या काळात गोधडीच कमी झाली. एक कारण साडीचं. नायलॉन आणि पॉलिस्टर आल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि थर रचले की एकमेकांवरून सरकतात. दुसरं कारण बोहारीण. जुन्या कपड्यांवर स्टीलचा डबा मिळू लागल्यावर लुगडी माळ्यावर साठेनाशी झाली, आणि डबा हवाच होता, त्यात बायकांची चूक काहीच नाही. तिसरं कारण १८ जानेवारी १९८२. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा मिल मिळाली नाही. फेंट संपले. बायका कामाला बाहेर पडल्या, पोळ्या लाटू लागल्या, घरकाम करू लागल्या. दुपारची गॅलरी रिकामी झाली. गोधडी शिवायला जागा लागते, जुनं कापड लागतं, आणि महिनाभराच्या दुपारी लागतात. तिन्ही एकदम गेलं.

ती परत आली ती बाजारातून आणि मंडपातून. बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधड्या विकायला आल्या. मुंबईच्याच गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या शोधून त्यांच्यावर पुस्तक केलं, त्यामुळे बाहेरच्यांना तरी हा प्रकार कळला. २०१९ मध्ये चेन्नईत क्विल्टचा महोत्सव भरला. आणि आईच्या साड्या पाठवा, गोधडी शिवून देतो, असं सांगणारे छोटे व्यवसाय तर आता बरेच आहेत. यातल्या कशालाच मी नाक मुरडत नाही. आई गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करावं हे न सुचलेल्या माणसाला ती गोधडी काय वाटते, हे मी जवळून पाहिलं आहे.

स्पर्धांनाही माझा विरोध नाही. एकच मागणं आहे: नियमांतून जुन्या कापडावरची बंदी काढा आणि परीक्षकांना गोधडी हातात घेऊ द्या. नुसत्या डोळ्यांनी गोधडी कळत नाही. ती गालाला लावावी लागते, उलटून पाहावी लागते, एका टोकाला धरून तिचं वजन घ्यावं लागतं. आणि कुणासाठी शिवली, हे शिवणारीला विचारायला दोन मिनिटं ठेवा.

पुढच्या वर्षी आत्याने हिंदमात्यावरून नवं सुती कापड आणलं आणि गोधडी शिवली. सगळे कोपरे काटकोनात, टाके तांदळाएवढे. दुसरं बक्षीस मिळालं, तिला फार आनंद झाला, फोटोही फ्रेम केला. ती गोधडी कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. इरकलीची वाकळ माझ्या लेकीच्या अंथरुणावर असते. मागच्या पावसाळ्यात पायाकडची कड विरली, तेव्हा आत्याने चष्मा पुसून सुई ओवली आणि लेकीच्या शाळेच्या जुन्या गणवेशाचा हातभर तुकडा तिथे लावला. टाके जरा मोठे पडलेत. तिला आता बारीक दिसत नाही.