काउंटरवर आम्ही घरच्यांची माहिती का विचारतो?

थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्याच्या टेस्टसाठी रक्त द्यायला आलात की आमची ताई विचारते, घरात कुणाला सारखं रक्त चढवायला लागायचं का, माहेरी-सासरी कुणाचं लहान मूल आजारपणात गेलंय का, नवरा-बायको लग्नाआधीपासून नात्यातले का. काही जणांना हे आवडत नाही, टेस्टला आलोय तर एवढ्या चौकशा कशाला असं वाटतं, म्हणून हे लिहून देतोय.

आनुवंशिक आजाराचा माग घराण्याच्या माहितीवरूनच लागतो. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आहे, बहुतेकांना तिशी-चाळिशीत सुरू होतो, हातपाय आपोआप हलायला लागतात, पुढे बोलणं आणि समजही जाते. अमेरिकेतल्या संशोधक नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी मच्छीमारांच्या वस्त्या आहेत, तिथे हा आजार पिढ्यानपिढ्या चालत आलेला, म्हणून त्या तिथे वर्षानुवर्षं जात राहिल्या, कोण कुणाचा मुलगा, कोण आजारी, असं लिहीत १८,००० हून जास्त माणसांची वंशावळ तयार झाली आणि ४,००० च्या वर लोकांनी रक्त दिलं. एकाच वाडीतली माणसं गणपतीला एकाच गाडीने येतात ना, तसे क्रोमोसोमवर, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यावर, शेजारी असलेले तुकडे बहुतेक वेळा एकत्रच मुलांमध्ये उतरतात. म्हणून आजारी माणसांत सापडणारी आणि निरोगी भावंडांत नसणारी खूण शोधली, ती १९८३ साली चौथ्या क्रोमोसोमवर मिळाली, म्हणजे आजाराचा तुकडा तिच्या जवळपासच असणार. नेमका जीन, म्हणजे आजार देणारा तो तुकडा, हाती यायला मात्र १९९३ उजाडलं. त्या वस्त्यांमधल्या लोकांचे उपकार फार मोठे आहेत.

आता आपल्याकडचं. थॅलेसेमियाच्या, म्हणजे बीटा थॅलेसेमियाच्या जीनची जागा अकराव्या क्रोमोसोमवर आहे. आई-वडिलांपैकी एकाकडूनच बिघडलेला जीन आला तर मायनर, दोघांकडून आला तर मेजर. मायनर असलेला माणूस ठणठणीत असतो, फक्त हिमोग्लोबिन थोडं कमी आणि सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ८० च्या खाली, मग वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू राहतात आणि हिमोग्लोबिन काही वाढत नाही. असं असेल तर डॉक्टरांना विचारून एचबी ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची टेस्ट करून घ्या, ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर बहुतेक मायनर. एकटा मायनर असला तर काळजी नाही, पण नवरा-बायको दोघंही मायनर असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के, आणि मेजर मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. लग्न ठरवताना पत्रिका बघता तसा हा रिपोर्टही बघा, अगदी मनापासून सांगतोय. आणि मायनर निघाली म्हणून मुलीला नाव ठेवू नका, हा जीन मुलाकडूनही तेवढाच येतो. लग्न झालेलं असेल तर दिवस गेल्यावर लगेच डॉक्टरांना सांगा, दहाव्या-बाराव्या आठवड्यात बाळाची तपासणी होऊ शकते.

टेस्टला उपाशीपोटी यायची गरज नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. लोह कमी असलं तरी एचबी ए-टू चा आकडा खाली दिसतो, म्हणून सीबीसीचा जुना रिपोर्ट सोबत आणा. गणपतीला मुंबईकर मंडळी घरी येतील तेव्हा आजीला, आत्याला विचारून घराण्यात कोण कशाने गेलं ते कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन या. माहिती तुमच्या फाइलमध्येच राहते, गावात कुणाला कळत नाही.