लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करण्याआधी हे वाचा

पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढायला आमच्या कार्यालयात येणारे बरेच गोवेकर सांगतात, "आम्ही फक्त पोर्तुगीज नॅशनॅलिटी घेतोय, सिटिझनशिप भारताचीच राहील." हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. भारतीय कायद्यात अशी सोय नाही, आणि ते अर्जावर सही करण्याआधीच कळायला हवं.

राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे खरं. परदेशात तुम्ही कोणत्या देशाचे धरले जाता, पासपोर्ट कोण देतं, अडचणीत कोणता दूतावास मदतीला येतो, हे राष्ट्रीयत्वावर ठरतं. मतदान, निवडणूक लढवणं, घटनात्मक पद भूषवणं हे नागरिकाचे हक्क. अमेरिकन सामोआत, म्हणजे पॅसिफिकमधल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांवर, ही फारकत आजही दिसते. तिथे जन्मलेल्या बहुतेकांना अमेरिकेचा पासपोर्ट मिळतो, पण 'धारक अमेरिकेचा नागरिक नाही' असा शेरा त्यावर असतो.

पोर्तुगालचं तसं नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आजही आपलं मानतो. त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करता येते आणि त्यांच्यामार्फत मुलंही अर्ज करतात. पोर्तुगालच्या १९८१ च्या कायद्याच्या नावात राष्ट्रीयत्व असलं, तरी त्याखाली मिळतं ते पूर्ण नागरिकत्व. तिथलं ओळखपत्रसुद्धा 'नागरिक कार्ड' म्हणूनच ओळखलं जातं.

इकडे भारताने १९६२ च्या आदेशाने गोवेकरांना आपले नागरिक मानलं. आईवडील किंवा आजीआजोबा इथे जन्मलेले असले तरी पुरे होतं. ज्यांना ते नको होतं, त्यांना तसं लेखी कळवण्यासाठी महिनाभराची मुदत होती. पण नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ स्पष्ट आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, कोणी नोटीस पाठवत नाही. परदेशी पासपोर्ट काढला, की नियमांनुसार तोच निर्णायक पुरावा.

खरी अडचण इथून पुढे येते. मतदार यादीत नाव तसंच राहतं, जुना भारतीय पासपोर्ट कपाटात पडून असतो, आणि एखाद्या गडबडीच्या वेळी विमानतळावर तोच पुढे केला जातो. हा गुन्हा आहे, दंड होतो. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि मतदार यादीतलं नाव स्वतःहून कमी करून घ्या.

नंतर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डासाठी, अर्ज करता येतो. त्यावर व्हिसाशिवाय कितीही वेळा येता येतं, हवं तितकं राहता येतं. नाव 'ओव्हरसीज सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे: मत नाही, पंचायतीची निवडणूक नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) वारशाने मिळू शकतं, शेजारचं खरेदी करता येणार नाही. घर किंवा फ्लॅट घ्यायला मात्र हरकत नाही.

इंग्लंडला जायचं म्हणून हा खटाटोप करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. २०२० संपल्यापासून पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे आपोआप राहता आणि काम करता येत नाही. युरोपीय संघातल्या इतर देशांत मात्र तो हक्क आहे.

पहिल्या भेटीला आजीआजोबांपासूनचे सर्व जन्म आणि लग्नाचे दाखले आणा. नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधीच सांगा. जमीन, सरकारी नोकरी किंवा पंचायतीतलं पद असेल तर तेही सांगा, म्हणजे अर्ज करायचा की नाही, यावर आधी बोलता येईल.