मैदानाचं माप आणि खेळातला न्याय: आइस हॉकीची पार्श्वभूमी

अमळनेर-पारोळ्याकडे कबड्डीचं मैदान आखताना खुंट्यांना सुतळी ताणतात, तिच्या कडेनं फक्की सोडतात. पण त्याआधी एखादा जुना खेळाडू ऊन कुठून येतंय ते बघून घेतो. संध्याकाळी पाचला मावळतीकडे तोंड करून चढाईला जाणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन जातं. मध्यंतरानंतर अंगण बदलतं, तरी तोवर ऊन उतरलेलं असतं.

मैदान दोघांनाही सारखं आहे का, हाच प्रश्न हजारो मैलांवरच्या बर्फातल्या आइस हॉकीलाही छळत आला. 3 मार्च 1875 रोजी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये (रिंक म्हणजे बर्फाचं मैदान) छताखालचा पहिला नोंदलेला सामना झाला. ती इमारत स्केटिंगसाठी बांधलेली, लांबी-रुंदी सुमारे 204 बाय 80 फूट. खेळानं तेच माप जवळपास तसंच उचललं. पुढे उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये 200 बाय 85 फूट रुळलं, तर युरोपात 60 बाय 30 मीटर, म्हणजे रुंदीला चार मीटर जास्त.

नियम होता, पण जुन्या इमारती त्यात बसत नव्हत्या. बोस्टन गार्डन या स्टेडियमची रिंक 191 बाय 83 फूट, शिकागो स्टेडियमची लांबी 188 फूट. वर्षभर तिथंच सराव करणाऱ्या यजमानांना ती अडचण अंगवळणी पडलेली, पाहुण्यांना मात्र चकती (इथं चेंडूऐवजी तीच असते) काठीवर येईपर्यंत समोरचा अंगावर आलेला. हा मला उघड अन्याय वाटतो. 1990च्या दशकात नवी स्टेडियमं आली तेव्हा तो मिटला.

बाकांची गोष्ट वेगळी. दोन्ही संघांच्या बदली खेळाडूंची बाकं बहुतेक एकाच बाजूला असतात आणि खेळाडू चालू खेळातच बदलतात. वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांपैकी दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्या, की आपला बचाव आपल्या बाकापासून लांब पडतो. दमलेल्याला बाकापर्यंत पोचायलाच उशीर होतो, आणि दुसऱ्या सत्रात गोल जास्त होतात. पण हा त्रास दोघांनाही सारखाच, म्हणून तो मला अन्याय वाटत नाही. एनएचएलनं तर 2014-15पासून जादा वेळेतही बाजू बदलायला लावल्या, निकाल लवकर लागावा म्हणून.

ऑलिंपिकमध्ये 2010ला व्हँकुव्हरला एनएचएलसारखी अरुंद रिंक होती, 2014ला सोचीत रुंद. पुरुषांचं सुवर्ण दोन्हीकडे कॅनडानंच नेलं. सोचीत सहा सामन्यांत त्यांच्यावर फक्त तीन गोल झाले.