काइटसर्फिंगला मेडिक्लेम चालतो की नाही?

पुण्यातून रामेश्वरमला काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ) शिकायला निघालात की कुणीतरी ऐकवतंच, ‘साहसी खेळ ना? मेडिक्लेम दमडी देणार नाही.’ हे खरं नाही. आरोग्य विम्यातलं साहसी खेळांविषयीचं प्रमाणित कलम (कोड ०९) उपचारांचा खर्च नाकारतं, तो ‘व्यावसायिक’ म्हणून भाग घेणाऱ्याला. सुट्टीत हौसेखातर गेलेला कोथरूडचा इंजिनिअर त्यात बसत नाही.

पण लगेच निर्धास्त होऊ नका. वैयक्तिक अपघात विमा ही वेगळी पॉलिसी आहे आणि तिथे हौशी माणसालाही बऱ्याचदा वगळलेलं असतं.

खरी गोची दुसऱ्याच्या इजेची. काइटच्या दोऱ्या साधारण २० ते २४ मीटर लांब. वाऱ्याचा झोत आला आणि काइट किनाऱ्यावरच्या माणसावर कोसळला, तर तुमचा मेडिक्लेम त्याच्या उपचारांचे पैसे देत नाही. त्यासाठी लायबिलिटी विमाच लागतो. माझ्या मते आधी तो बघा. प्रशिक्षण शाळेचा विमा असला, तरी स्वतःचा काइट घेऊन एकटे उतरल्यावर त्याच्या भरवशावर राहू नका. विमा कंपनीला बुकिंगआधीच ‘काइटसर्फिंग’ असं स्पष्ट लिहून ईमेल करा. एजंटचं तोंडी ‘होईल हो सर’ क्लेमच्या वेळी कामी येत नाही.