ह्यूबनर, दारिओ

ह्यूबनर, दारिओ : (२८ एप्रिल १९६७ – ). इटालियन फुटबॉलपटू. जन्म त्रिएस्ते येथे. बालपण जवळच्या मुज्जा या किनाऱ्यावरील गावात. शाळा सुटल्यावर तो लोहारकामाला लागला. ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवण्याचे काम करून उरलेल्या वेळात तो स्थानिक संघाकडून खेळे. नामांकित क्लबच्या युवा प्रबोधिनीत तयार झालेला हा खेळाडू नव्हे, आणि त्याची सारी कारकीर्द या एका गोष्टीच्या प्रकाशात पाहावी लागते.

पिएविजिना आणि पेर्गोक्रेमा या लहान संघांनंतर १९८९ मध्ये तो फानोकडे आला. तेथे १९९१-९२ च्या हंगामात तो सेरी सी१ या तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेतील आपल्या गटात सर्वाधिक गोल करणारा ठरला. पुढे चेझेनाकडे पाच हंगाम खेळताना त्याने १९९५-९६ मध्ये २२ गोलांसह सेरी बी या दुसऱ्या श्रेणीतही अग्रस्थान मिळवले. तरीही सर्वोच्च श्रेणीचे दार उघडायला तिशी उलटावी लागली.

३१ ऑगस्ट १९९७ रोजी ब्रेशियाकडून त्याने सेरी आ या सर्वोच्च श्रेणीत पदार्पण केले. मिलानच्या सान सिरो मैदानावर इंटर मिलान या क्लबविरुद्ध झालेल्या या सामन्यात सर्वांचे डोळे इंटरकडून प्रथमच लीग सामना खेळणाऱ्या ब्राझीलच्या रोनाल्डोवर होते. पहिला गोल मात्र ह्यूबनरचा झाला : ब्रेशियाच्याच तरुण पिर्लोने मधल्या फळीतून उंचावरून टाकलेला चेंडू गोलकडे पाठ असतानाच अडवून, वळून त्याने तो जाळ्यात मारला. अखेरच्या काही मिनिटांत रेकोबाच्या दोन अफलातून गोलांनी इंटरने सामना २-१ असा जिंकला आणि ह्यूबनरचा गोल झाकोळला गेला; पण त्या हंगामात त्याने १६ गोल केले. डोके खाली घालून बचावफळीवर धावून जाण्याच्या त्याच्या शैलीमुळे त्याला ‘तातांका’ हे टोपणनाव पडले. लाकोटा भाषेतील या शब्दाचा अर्थ रानगवा. २०००-०१ मध्ये कार्लो माझ्झोने यांच्या मार्गदर्शनाखाली रॉबेर्तो बाज्जोच्या जोडीने खेळताना त्याचे १७ गोल झाले.

२००१ मध्ये ब्रेशियाने लुका तोनी या तरुण खेळाडूला घेतले आणि ह्यूबनर पिआचेंझाकडे गेला. सेरी आ मध्ये तग धरण्यासाठी झुंजणाऱ्या या संघाकडून त्याने त्या हंगामात २४ गोल केले. शेवटच्या दिवशी व्हेरोनाला ३-० असे हरवून पिआचेंझाने आपले स्थान राखले, तर ह्यूबनर युव्हेंटसच्या दाव्हिद त्रेझेगेबरोबर संयुक्त ‘कापोकान्नोनिएरे’ ठरला. इटलीत सर्वाधिक गोल करणाऱ्यास हा किताब मिळतो. शब्दशः अर्थ, जुन्या तोफखान्यातील गोलंदाजांचा म्होरक्या. त्या वेळी ह्यूबनर ३५ वर्षांचा होता. तिन्ही श्रेणींमध्ये हा मान मिळवणारा त्याच्याखेरीज इगोर प्रोत्ती हा एकच खेळाडू आहे.

राष्ट्रीय संघाकडून तो एकदाही खेळला नाही. व्हिएरी, इंझागी, देल पिएरो यांच्या पिढीत आघाडीवर जागा मिळणे अवघडच होते. तरी पस्तिशीतल्या या खेळाडूला एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्यातही संधी मिळू नये, हा अन्यायच म्हणावा लागेल. सिगारेटची सवय त्याने कधी लपवली नाही, आणि त्याच्या लोकप्रियतेत या मोकळेपणाचाही वाटा आहे.

२००३ नंतर तो अँकोना, पेरुजा आणि मांतोव्हा या संघांकडून खेळला. पुढे लोम्बार्दी प्रांतातील हौशी संघांतून तो चाळिशी ओलांडल्यावरही खेळत राहिला. सर्वाधिक वयाचा ‘कापोकान्नोनिएरे’ हा त्याचा विक्रम २०१५ मध्ये मोडला गेला. मोडणारा होता व्हेरोनाचा ३८ वर्षांचा लुका तोनी.